बिनपाण्याचा गरम तलाव

नेदरलँड्समध्ये सुरुवातीला आम्ही सुट्टीवर होतो. म्हणजे भाडेकरारात तसं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात नवरा रोज सकाळी अंधारातच सायकल काढायचा, स्टेशन गाठायचा आणि आइंडहोवनला जाऊन दिवसभर पांढरा अंगरखा आणि टोपी घालून सेमीकंडक्टरच्या यंत्रांसमोर उभा राहायचा. मी टिलबर्गच्या एका गोदामात कामाला होते. ऑनलाइन मागवून परत पाठवलेल्या कपड्यांची खोकी उघडायची, आणि कुठला ड्रेस कुणाच्या तरी लग्नात संध्याकाळभर नाचून आलाय आणि कुठला खरंच न घालता परत आलाय, हे काखेपाशी नाक नेऊन ठरवायचं. अशी आमची सुट्टी चालू होती.

घर मिळत नव्हतं, हे त्याचं कारण. आइंडहोवनमध्ये फ्लॅट बघायला जावं तर जिन्यातच रांग, आणि रांगेतला प्रत्येक जण पुढच्याकडे संशयाने बघतोय. शेवटी नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की टिलबर्गच्या बाहेर पाइनच्या जंगलात एक हॉलिडे पार्क आहे, तिथे चाकांवरची घरं भाड्याने मिळतात. गेलो. घर खरंच चाकांवर होतं, फक्त बाहेरून फळ्या ठोकून चाकं झाकलेली होती. आत दोन खोल्या, बारकं स्वयंपाकघर, आणि कुणी जोरात चाललं की कपाटातल्या वाट्या वाजायच्या. व्हिडिओ कॉलवर नाशिकला आईला सगळं फिरून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, पण ब्रेक लावलाय ना नीट?

पार्कचे मालक साठीच्या आसपासचे, ताडमाड उंच आणि बाराही महिने अर्ध्या चड्डीत. नवरा ऑफिसला निघाला की ते रिसेप्शनच्या दारातून हात वर करून म्हणायचे, "सुट्टी छान जावो." त्यात टोमणा अजिबात नव्हता. इथे हॉलिडे पार्कमध्ये कायमचं राहायला परवानगी नसते, तिथे फक्त सुट्टी घालवायची असते. मालक नियमाने चालणारे गृहस्थ होते. त्यामुळे पार्कात राहणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी सुट्टीवर होता, मग तो घटस्फोटानंतर घर गमावून आलेला ड्रायव्हर असो, रात्रपाळीला जाणारं पोलिश जोडपं असो, की आम्ही असू.

अधूनमधून खेमेंतेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, एक तरुण तपासनीस खात्री करायला यायचा. तो येणार असला की आदल्या दिवशी रिसेप्शनकडून सगळ्यांना मेसेज जायचा: उद्या बाहेर बसायला छान हवा आहे. एकदा हा मेसेज ऐन नोव्हेंबरात आला. सकाळी बघते तर सगळ्या पार्कभर लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले. पोलिश जोडप्याने तर रात्रपाळी करून आल्यावर झोपायच्या आधी पायात स्लिपर आणि डोक्यावर गवती टोप्या घातल्या होत्या. मीही स्वेटरवर गॉगल चढवून छत्रीखाली बसले. तपासनिसाने विचारलं, सुट्टी कशी चालली आहे? मी म्हटलं, फार आराम आहे. अजून किती दिवस आहात, असं त्याने विचारलं, तर मी म्हटलं, अजून ठरवलेलं नाही. त्याने मान डोलावली. तेवढ्यात पाऊस लागला, म्हणून तो माझ्या छत्रीखाली आला आणि आल्याचा चहा पिऊन गेला. तो काही मूर्ख नव्हता. पण आम्हाला बाहेर काढलं तर ठेवायचं कुठे, हे त्याच्याही वरच्यांना माहीत नसावं.

हे असंच चाललं असतं. पण वर्ष संपल्यावर मालकांनी वीज, पाणी आणि उष्णतेचा हिशेब हातात ठेवला.

विजेचं ठीक होतं. मीटर घराच्या मागच्या भिंतीवर होता आणि आकडे जुळत होते. त्याखाली 'सामाईक उष्णता' अशी एक ओळ होती, आणि तिच्यापुढचा आकडा बघून नवऱ्याला आधी तो आमचा ग्राहक क्रमांक वाटला. ही सामाईक उष्णता म्हणजे पार्कातल्या पोहण्याच्या तलावाचं पाणी तापवण्याचा खर्च, असं खाली बारीक अक्षरात होतं.

तलाव आम्ही पाहिलेला होता. शेवाळलेल्या मिनी-गोल्फच्या मागे, कुंपणात, निळ्या रंगाचा, बऱ्यापैकी मोठा. त्यात पाणी नव्हतं. आम्ही आलो तेव्हाही नव्हतं आणि आमच्या आधी आलेल्यांनीही ते पाहिलेलं नव्हतं. तळाला पाइनच्या काड्या पडलेल्या असायच्या आणि एका कोपऱ्यात रबराचं बदक आडवं होऊन पडलं होतं.

मी रिसेप्शनला गेले. मालकांनी मला बसवलं, कॉफी दिली आणि फार शांतपणे समजावून सांगितलं. सामाईक उष्णता सगळ्यांमध्ये वाटली जाते. वाटताना घरातली माणसं बघितली जातात, पाळीव प्राणी बघितले जातात आणि स्वयंपाकाचा स्वभाव बघितला जातो. हा तिसरा मुद्दा मला कळला नाही. तेव्हा ते जरा संकोचून म्हणाले की तुमच्या घरातून वाफेच्या शिट्ट्या ऐकू येतात. आमच्याकडे कसलातरी बॉयलर असावा असा त्यांचा समज होता. मी सांगितलं की ती डाळ असते. त्यांनी ते मनापासून ऐकून घेतलं, पण उष्णता ती उष्णता, असं त्यांचं मत पडलं.

मग मी मूळ मुद्द्यावर आले. म्हटलं, तलाव तर रिकामा आहे.

"तलाव रिकामा आहे हा पाण्याचा प्रश्न झाला," मालक म्हणाले. "हे बिल उष्णतेचं आहे."

त्यांच्याशी वाद घालण्याइतकी माझी डच नव्हती. घरी येऊन मराठीत विचार केला, तर मराठीतही मला त्यात खोट कुठे आहे ते पटकन सापडेना. नवरा इंजिनिअर. तो म्हणाला, अगं, पाणीच नाही तर तापतं काय? मी म्हटलं, ते तू त्यांना जाऊन विचार. तो जाऊन आला. मालकांनी त्यालाही कॉफी दिली होती.

आमच्या शेजारच्या घरात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहायच्या. मी त्यांना मनातल्या मनात बाईच म्हणायचे, कारण त्या शिक्षिका होत्या. आयुष्यभर त्यांनी मुलांना पोहायला शिकवलं होतं. नवरा गेल्यावर घर विकलं गेलं, वाटण्या झाल्या आणि उरलेल्या पैशात त्या या चाकांवरच्या घरात आल्या. पाठीचा कणा ताठ, केस आखूड आणि गळ्यात अजूनही शिट्टी. त्यांनाही तेच बिल आलं होतं. त्यांच्याकडे कुकर नव्हता, पण म्हातारी मांजर होती. तिच्या नावाने उष्णतेचा वेगळा वाटा लावलेला होता.

बाई भांडल्या नाहीत. त्यांनी पार्कची नियमावली मागवून घेतली. तीत लिहिलं होतं की रहिवाशांनी मागणी केल्यास तलाव शनिवारी सकाळी वापरासाठी खुला करून दिला जाईल. बाई रिसेप्शनला गेल्या आणि म्हणाल्या की मी उष्णतेचे पैसे भरते, तेव्हा मला तलाव वापरायचा आहे. मालकांनी नियमावली उघडून पाहिली. नियम त्यांचाच होता. त्यांनी किल्ली दिली.

त्याच संध्याकाळी बाई आमच्याकडे आल्या आणि मला पोहता येतं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. नाशिकला माणूस गोदावरीत पाय बुडवून, डोक्यावर पाणी शिंपडून घरी येतो; पोहायला शिकायचं राहून गेलं होतं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मला वाचता येत नाही असं मी सांगितलं होतं. इथे पोरं अक्षरं गिरवायच्या वयात पोहण्याची परीक्षा देतात. देशाचा पाव हिस्सा समुद्राच्या पातळीखाली, त्यामुळे ते लोक हा विषय हसण्यावारी नेत नाहीत.

"शनिवारी या," बाई म्हणाल्या. "दोघेही. टोपी सक्तीची, स्वेटर चालेल."

मला वाटलं ही निषेध करायची एक तऱ्हा असेल, एखाद्या शनिवारी फोटो काढू आणि संपेल. पण बाईंना निषेध करता येत नव्हता, त्यांना फक्त शिकवता येत होतं. आम्ही शिडीने तलावात उतरलो. त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातली स्टुलं तळाशी मांडायला लावली आणि आम्हाला त्यांवर पालथं झोपवलं. पूर्वीच्या काळात इथे मुलांना पाण्यात सोडायच्या आधी असंच जमिनीवर शिकवायचे म्हणे. मग शिट्टी वाजली. पाय ओढा, पसरा, मिटा. ओढा, पसरा, मिटा. मी बेडकासारखे पाय मारत होते, अंगावर स्वेटर होता, डोक्यावर रबरी टोपी होती, आणि समोर ते बदक पडलं होतं. माझी डच त्या तलावात जितकी सुधारली तितकी भाषेच्या क्लासमध्ये सुधारली नाही, कारण बाई चुकीच्या पायाला आणि चुकीच्या क्रियापदाला सारख्याच जोराने ओरडायच्या.

नवरा पहिल्यांदा लाजत होता. पण त्याला एखादी गोष्ट बरोबर जमत नाही म्हटल्यावर चैन पडत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून तो घरी पलंगावरही सराव करायला लागला आणि कपाटातल्या वाट्या वाजायला लागल्या.

आता एक अडचण आली ती मालकांची. तलाव वापरात असेल तर काठावर देखरेखीला माणूस हवा, नाहीतर विमा लागू होत नाही. मालकांनी विमा कंपनीला फोन करून विचारलं. पाणी आहे की नाही हे विमा कंपनीने विचारलं नाही आणि मालकांनीही आपणहून सांगितलं नाही. देखरेख हवीच, असं उत्तर आलं. तेव्हापासून दर शनिवारी मालक अर्ध्या चड्डीत येऊन जीवरक्षकाच्या उंच खुर्चीवर बसायचे, गळ्यात लाल रिंग अडकवून. पहिल्यांदा ते पेपर वाचायचे. मग हळूहळू पेपर खाली आला. एकदा ते वरून माझ्या नवऱ्याला म्हणाले की तुझा डावा पाय उशिरा मिटतो. बाईंनी वर पाहिलं आणि म्हणाल्या की बरोबर आहे. त्या दिवशी मालकांचा चेहरा खुलला होता. मला तर वाटतं, आमच्या सगळ्यांमध्ये शनिवारची सर्वात जास्त वाट तेच बघायचे.

आईला फोनवर हे सांगितलं.  ती म्हणाली, पाणी नाही ते बरंय, बुडायची भीती नाही.

फेब्रुवारीत बर्फ पडला. ब्राबांटमध्ये, म्हणजे आमच्या प्रांतात, तो फार टिकत नाही, पण त्या वर्षी चांगला घोटाभर साचला. सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर सगळा पार्क पांढरा होता. झाडं, छपरं, मिनी-गोल्फ, सगळं पांढरं. फक्त तलावाच्या पंपखोलीपासून एक हिरवा पट्टा निघाला होता. तो कुंपणाखालून गेला होता, मिनी-गोल्फला वळसा घालून थेट मालकांच्या बंगल्यापर्यंत पोचला होता. त्या पट्ट्यावर गवत हिरवंगार होतं आणि त्यावर रानातली बदकं आणि हंसपक्षी एकामागे एक ओळीने बसले होते, पिसं फुगवून, डोळे मिटून. पार्कात इतर कुठेही एकही पक्षी नव्हता.

मी अंगावर कोट घालून बाहेर आले. बाई आधीच तिथे उभ्या होत्या.  पोलिश नवरा-बायको रात्रपाळीहून परत येत होते, तेही सायकली धरून उभे राहिले. ड्रायव्हर आला. मग स्वतः मालक बंगल्यातून बाहेर आले, नेहमीसारखे अर्ध्या चड्डीत, आणि त्यांनीही ती ओळ पाहिली. बाईंची म्हातारी मांजर एव्हाना त्या ओळीत जाऊन दोन हंसांच्या मध्ये बसली होती. पक्ष्यांनी जागा करून दिली होती.

"निसर्ग," मालक म्हणाले आणि आत गेले.

बाईंनी फोटो काढले.

टिलबर्गला फुकट कायदेशीर सल्ला मिळण्याची एक सोय आहे. तिथे एका मुलीने आमचं सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली की पाणी, वीज, उष्णता यांवर घरमालकाला नफा काढता येत नाही. जेवढा खर्च खरोखर झाला तेवढाच लावता येतो, तोही तुमच्यासाठी झालेला असेल तर, आणि मूळ बिलं बघायचा हक्क तुम्हाला आहे. मालक दाखवत नसतील तर भाड्याच्या तक्रारी ऐकणारी समिती आहे, तिच्याकडे जा. आम्हाला बरं वाटलं. मग ती म्हणाली की पण हे सगळं भाडेकरूंसाठी. सुट्टीवर आलेल्यांना यातलं काहीच लागू नाही.

"तुम्ही सुट्टीवर आहात का?" तिने विचारलं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मांडीवर लॅपटॉप घेऊन, कानात इअरफोनची बोंडं घालून ऑफिसची मीटिंग ऐकत होता, आणि एक बोट वर करून आम्हाला जरा थांबायला सांगत होता. मुलीनेही त्याच्याकडे पाहिलं आणि समोरच्या स्क्रीनवर 'नाही' अशी खूण केली.

त्या रात्री जेवायला बसल्यावर आम्ही हिशेब मांडला. तक्रार करायची म्हणजे आम्ही इथे राहतो असं लिहून द्यायचं. राहतो म्हटलं की खेमेंते म्हणणार, राहता येत नाही, निघा. नवरा म्हणाला, समजा आपण जिंकलो, तर मग राहायचं कुठे? हसण्यासारखं नव्हतं ते. इतके दिवस आम्ही त्या सगळ्या प्रकाराला हसत होतो, आणि आता भात निवत चालला होता. मी म्हटलं, अरे, मी रोज लोकांचे घामेजलेले ड्रेस हुंगते आणि शनिवारी स्टुलावर पोहते. निदान एका कागदावर तरी मी इथे राहते असं लिहिलेलं असू दे. त्याने निवलेल्या भातावर डाळ ओतली. मग म्हणाला, कर. बाईंनी तर त्यांचा अर्ज दुपारीच पाठवला होता. मांजरीचा मुद्दा वेगळा काढून.

बाईंची आणि आमची सुनावणी एकत्रच, टिलबर्गच्या एका इमारतीतल्या साध्या खोलीत झाली. समितीचे तीन जण टेबलापलीकडे बसले होते आणि मध्ये अध्यक्ष म्हणून चष्मा लावलेल्या एक पोक्त बाई. मालक आले ते फुल पँट घालून. आम्ही त्यांना ओळखलंच नाही. ते येऊन शेजारी बसले आणि हात पुढे केला तेव्हा कळलं.

आधी सुट्टीचा प्रश्न निघाला. अध्यक्षबाईंनी नवऱ्याला विचारलं की पार्कात तुमचा दिवस कसा जातो? तो म्हणाला, ऑफिसला जातो. मालक म्हणाले की हल्ली पुष्कळ लोक सुट्टीवर कामं घेऊन येतात, त्याला मी काय करणार. अध्यक्षबाईंनी विचारलं की यांना इतकी मोठी सुट्टी कोण देतं? मालक म्हणाले की पाहुण्यांना असले खाजगी प्रश्न मी विचारत नाही.

मग तलाव निघाला. मला वाटलं होतं आता ते चाचरतील. पण मालक ताठ बसले आणि त्यांच्या आवाजात एक जिव्हाळा आला. ते म्हणाले की तलाव बंद असल्याची तक्रार खोटी आहे. तक्रारदार स्वतः दर शनिवारी तिथे पोहतात. मी स्वतः देखरेख करतो. पावसातसुद्धा त्यांनी खाडा केलेला नाही. माझ्याकडे हात करून ते म्हणाले की हिच्या पायाची लय चांगली आहे आणि या गृहस्थांचा डावा पाय तर इतका सुधारला आहे की ओळखू येणार नाही.

नवरा खुशीत येऊन थोडा पुढे झुकला. मी त्याच्या पायावर पाय ठेवला.

अध्यक्षबाईंनी आमच्याकडे वळून विचारलं की हे खरं आहे का, तुम्ही पोहता? खोटं कसं बोलणार. बाई म्हणाल्या की हो, नियमितपणे. समितीतला एक जण पेन खाली ठेवून आमच्याकडे बघायला लागला. आमची केस बुडाली असं मला वाटलं.

"तलावात पाणी होतं का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मालक म्हणाले, "पाण्याचा आकार वेगळा असतो. तो मी कधीच लावलेला नाही."

 मालकांनी हे इतक्या स्वच्छ मनाने सांगितलं होतं की आपण यांच्यावर उपकारच केले आहेत, असं त्यांना वाटत असावं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. मग बाईंनी पक्ष्यांचा फोटो पुढे सरकवला. तो टेबलावर फिरला. प्रत्येकाने तो जरा जास्तच वेळ हातात धरला. मालक म्हणाले की पक्षी रानटी आहेत, ते कुठे बसतात यावर माझं नियंत्रण नाही. मांजरीबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले की ती पार्कची पाहुणी आहे.

काही आठवड्यांनी समितीने एक तंत्रज्ञ पाठवला. त्याने पट्ट्यावर दोन ठिकाणी खणलं. आम्ही सगळे बघायला उभे होतो, मालकही होते आणि त्यांनी त्याला फावडं आणून दिलं. पंपखोलीतला बॉयलर चालू होता आणि त्याचा पाइप जमिनीखालून जाऊन बंगल्याच्या फरशीखाली शिरत होता. त्या बॉयलरने तलाव तापवणं केव्हाच सोडलं होतं. सगळा हिवाळाभर आम्ही, पोलिश जोडपं, ड्रायव्हर, बाई आणि बाईंची मांजर मिळून मालकांचे पाय गरम ठेवत होतो. त्यांना अर्धी चड्डी का परवडत होती, तेही कळलं.

लबाडी पकडली गेली की माणूस जसा दिसतो तसे ते दिसत नव्हते. गोंधळलेले दिसत होते. पाइप आधीच्या मालकाने टाकलेला होता. तलाव रिकामा केला तेव्हा बॉयलर चालूच राहिला आणि उष्णतेला कुठेतरी जायलाच हवं होतं, असं ते त्या तंत्रज्ञाला परत परत सांगत होते. उष्णता वाया जाऊ दिली नाही, यात चूक काय झाली, हे त्यांना शेवटपर्यंत नीट उमगलं नसावं. मला राग यायला हवा होता. आलाही. पण ते खड्ड्याच्या काठाशी उभे होते आणि त्यांचे गुडघे थंडीने लाल झाले होते, म्हणून तो राग पुरता टिकला नाही.

समितीने निकाल आमच्या बाजूने दिला. आम्ही भाडेकरू आहोत, सुट्टीवर नाही. रिकामा तलाव तापवण्याचा खर्च भाडेकरूंवर टाकता येणार नाही. स्वयंपाकाचा स्वभाव आणि मांजर हे वाटणीचे निकष होऊ शकत नाहीत. पुढच्या प्रत्येक हिशेबासोबत मूळ बिलं दाखवावी लागतील. जास्तीचं सगळं परत मिळालं. मांजरीचा वाटा बाईंनी तिच्या खाण्यावर खर्च केला.

त्या उन्हाळ्यात मालकांनी तलावात पाणी भरलं. कुणी सांगितलं नव्हतं. तापवलं नाही, त्या विषयाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. पाणी बर्फासारखं होतं. बाईंनी शिट्टी वाजवली आणि मी शिडीवरचा हात सोडला. काही क्षण मी खरंच वर राहिले, ओढा, पसरा, मिटा. मग माझ्या लक्षात आलं की पोटाखाली स्टूल नाही, आणि मी बुडाले. मालकांनी खुर्चीवरून रिंग फेकली. ती नवऱ्याच्या डोक्यात बसली. मला बाईंनी मानगुटीला धरून काठावर आणलं आणि म्हणाल्या, "चांगलं होतं. आता विचार न करता."

खेमेंतेचा तपासनीस शरद ऋतूत आला. या वेळी मेसेज आला नव्हता. मालकांनीच त्याला कळवलं होतं, रागाने नाही, तर नियम बदलला की कळवायचं असतं म्हणून. तो दारात उभा राहून म्हणाला की तुम्ही इथे राहता असं अधिकृतपणे ठरलं आहे, त्यामुळे तुम्हाला इथे राहता येणार नाही. हे बोलताना तो बिचारा माझ्या नजरेला नजर देत नव्हता. मी त्याला आत बोलावलं. चहा पिऊन झाल्यावर त्याने सांगितलं की हरकत घ्या, पर्यायी घर नाही असं लिहा, बहुतेक काहीतरी निघेल.

महिने गेले. आम्ही पुन्हा फ्लॅटच्या रांगांमध्ये उभे राहिलो, पुन्हा मागे पडलो. नवरा रात्री उठून पाणी प्यायचा आणि मला झोप लागली आहे असं समजून हळूच चालायचा. मग खेमेंतेचं उत्तर आलं. तुमचं इथे राहणं बेकायदेशीर आहे, परंतु खेमेंते तुम्हाला सहन करीत आहे. इथे तशी रीतच आहे. परवानगी द्यायची नाही, काढायचंही नाही, सहन करायचं. आणि ही सवलत व्यक्तिगत आहे, असं खाली ठळक लिहिलं होतं. म्हणजे सहन केलं जात आहे ते फक्त आम्हा दोघांना. आमच्या जागी दुसरं कुणी आलं तर त्यांना ते सहन करणार नाहीत.

नवऱ्याने ते दोनदा वाचलं.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," तो म्हणाला, "तू हे मला कधी लेखी दिलं नाहीस."

आम्ही इतके हसलो की घर हलायला लागलं.

बाईंना मात्र ते पसंत पडलं नाही. त्यांनी उलट लिहिलं की मला कुणी सहन करावं अशी माझी इच्छा नाही. परवानगी असेल तर द्या, नसेल तर तसं सांगा. खेमेंतेने कळवलं की सहन केलं जाणं नाकारण्याची तरतूद नाही. बाईंनी त्यावरही हरकत घेतली आहे. तिची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. मालक त्यांना गाडीने घेऊन जाणार आहेत, कारण बाईंच्या गुडघ्याला आता बस झेपत नाही, आणि तिथे त्यांच्या बाजूने दोन शब्द बोलायचे म्हणून मालकांनी फुल पँट इस्त्रीला दिली आहे.